थोरलीचं सारवण

द्वारकाबाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही. नातवंडं हसतात. हसू देत.

पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या आमच्या शाळेतली उर्दू गेली, मराठी आली, आणि ती शिकवायला पुण्याकडून द्वारकाबाई आल्या. शाळेच्या आवारातल्याच खोलीत त्या राहायच्या. मी पडेगावाहून चालत यायची. घरी मेंढरं. नेमलेली कादंबरी मी मेंढरांमागं फिरताना इतकी वाचली की तिची पानं सुटली. तसं वाचणं पुन्हा जमलं नाही.

त्या कादंबरीत थोरलीचा नवरा दुसरी बायको आणायला निघतो. थोरली एवढंच म्हणते, तुमची मर्जी. त्याची बैलगाडी वळते न वळते तोच ती शेण कालवते आणि सगळं अंगण सारवून काढते.

बाई नेहमी सांगायच्या, पात्र काय बोलतं त्यावर जाऊ नका, काय करतं ते बघा. त्यांनीच मग थोरलीचा स्वभाव विचारला आणि उत्तरही देऊन टाकलं. सोशिक. सवतीच्या स्वागताला अंगण सारवणारी मोठ्या मनाची बाई.

मी उभी राहिले. "नाय बाई. तिनं नवऱ्याला मेलेला धरलं."

वर्ग हसला. मी समजावून सांगितलं की आमच्याकडं माणूस गावाला निघालं की त्याच्या मागोमाग कुणी झाडत नाही, सारवत नाही. मयत उचलल्यावर सारवतात.

बाई म्हणाल्या, मेंढवाड्यातल्या खुळ्या समजुती साहित्यात आणू नकोस, आणि आधी 'नाही' म्हणायला शीक. त्या दिवसापासून पोरी मला 'नायबाई' म्हणू लागल्या. बाईंनी एकदाही त्यांना अडवलं नाही.

माझे वडील, मल्हारीदादा, यांनी बजावून ठेवलं होतं की पास होशील तोवर शाळा, नापास झालीस की मेंढरं. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. बाई माझ्या बाकाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "सोशिक लिही. पास करते."

मी लिहिलं, थोरलीनं नवऱ्याला मेलेला धरलं.

मराठीतच नापास झाले. दादांनी शब्द पाळला. पुढं कैक वर्षांनी, दोन लेकरं झाल्यावर, मी बाहेरून मॅट्रिक केलं. पण ती शाळा गेली ती गेलीच.

त्याच उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. निघायच्या दिवशी मी घमेल्यात शेण घेऊन शाळेत गेले. शिपाईण सारजाबाई त्यांची ट्रंक टांग्यात चढवत होती. टांगा फाटकाबाहेर पडला आणि मी बाईंच्या खोलीपुढचा ओटा सारवायला बसले.

सारजाबाईनं तोंडावर पदर धरला. "अगं मेले, टांगा दिसतोय अजून!"

दिसत होता म्हणूनच सारवत होते. बाईंचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. त्यांना कळावं, एवढंच हवं होतं.

बाईंनी मागं वळून पाहिलं. टांगा थांबवला. मी शेणाच्या हातांनी उभी राहिले. आता कळेल.

बाईंनी डोळे पुसले. "बघा सारजाबाई, नापास केलं तरी पोरीच्या मनात काही नाही. सोशिक आहे हो."

टांगा गेला. मी खाली बसले आणि उरलेला ओटा सारवून काढला.