अकरावा दगड

भूकंपात कॅथेड्रलच्या दारावरची कमान कोसळली, तेव्हा जानराव गवंड्याने फादर इनासांना छातीठोक सांगितलं होतं, "दगड तेच लावून देतो. तुमी फिकर नोका करू." बोलून बसला आणि अडकला. ढिगाऱ्यातल्या एकवीस दगडांवर त्याने स्वतः पांढऱ्या रंगाने नंबर टाकले होते. कमान चढवायच्या वेळी मोजतो तर वीसच. गेला होता नेमका अकरावा, साऱ्या कमानीला पेलणारा मधला दगड.

इंजिनियरसाहेबांनी सोमवारपर्यंत वाट पाहायचं कबूल केलं. नाहीतर कमान सिमेंटची. नवा दगड घडवावा, तर त्या जातीची खाण बुजून जमाना झाला होता. चाळीस वर्षांच्या गवंडीकामात जानरावाची मान कधी खाली गेली नव्हती. आता जेवण गोड लागेना.

रविवारी मनकर्णाने, त्याच्या बायकोने, नारळ काढला. "चर्चसमोर रस्त्यापलीकडं निंबाखाली नवा देव बसला हाय. नवसाले पावते म्हणतात. चाला."

"मले दगड पायजे, देव नाई," जानराव कुरकुरला, पण गेला. बायकोपुढे कोणाचं चाललंय?

शेंदराने माखलेल्या देवापुढे तो वाकला आणि तसाच राहिला. खाली रुंद, वर निमुळता. हा उतार त्याच्या हाताच्या ओळखीचा होता. त्याने बाजूचा शेंदूर नखाने खरवडला. आत पांढरा अकरा.

फुलं विकणारी लीलाबाई धावत आली. "हात नोका लावू! देवाच्या घरचा दगड लोकायच्या पायात पडला होता. जावयाच्या हातगाडीवर आणून ठेवला म्या. तुमाले काहून पायजे?"

जानरावाला रडू फुटलं. त्याने सगळं सांगितलं. लीलाबाईने देवापुढचं फूल सरळ केलं.

"वर बसवसान? पायात नाई?"

"सगळ्यायच्या वर."

"मंग न्या."

फादर इनास शेंदूर पाहून हसले. "घासू नका. शेंदराची बाजू भिंतीच्या आत जाऊ द्या."

महिन्याभराने चुना धरला. कमानीखालचा लाकडी साचा काढायचा, तेव्हा बांधणाऱ्यानेच खाली उभं राहायचं, हा जानरावाच्या घराण्याचा रिवाज. तो उभा राहिला. तेवढ्यात लीलाबाई फुलांची टोपली घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

"बाई, बाजूले व्हा."

"काहून? आपला देव वर हाय ना?"

साचा निघाला. कमान तसूभरही हलली नाही.