खालच्या कोपऱ्यातलं गाव

चळवळीवर बंदी आली त्याच दुपारी सरांनी सगळं जाळलं. बैठकांची टिपणं, पत्रं, सभासदांच्या याद्या, एवढंच काय, स्वतंत्र प्रदेशाच्या घटनेचा स्वतः लिहिलेला मसुदासुद्धा. उरलं ते चिठ्ठ्यांचं कपाट. चाळीस वर्षं राजकारण सांभाळून सर आपल्या बोलीचा शब्दकोश करत होते. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ, आणि खालच्या कोपऱ्यात कोणाकडून, कुठे, कधी ऐकला ते.

"तेही घाला शेगडीत," बायको म्हणाली.

"अगं, शब्दांना कोण बेड्या घालतंय?"

सरकारला घाम फोडणारा माणूस, पण चिठ्ठ्यांचा विषय निघाला की डोकं चालायचं बंद!

चौथ्या दिवशी सकाळी पोलीस आले. साहेब सरांचाच जुना विद्यार्थी. वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि यंदाच्या चिठ्ठ्यांचा खण उघडून बसला. शब्दांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. नुसते कोपरे वाचत गेला.

"आधी स्रोत बघायचा. तुम्हीच शिकवलंत ना, सर?"

एक चिठ्ठी त्यानं खिशात घातली. कुठली ते सरांना लांबूनच कळलं.

बायकोचा धाकटा भाऊ चळवळीचा संघटक. पाच महिने एका गावात भूमिगत होता. गेल्या महिन्यात सर त्याला लोकरीचा सदरा द्यायला गुपचूप गेले, तेव्हा भांडं खरवडताना तो एक शब्द बोलून गेला. त्या गावच्या दोन-चार म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरलेला. सरांना राहवतंय कुठलं! परतीच्या बसमध्येच चिठ्ठी लिहिली. मेव्हण्याचं नाव, गाव, तारीख. अहो, खोटं नाव तरी घालायचं! पण नाव-गाव नसलेली नोंद म्हणजे चकाट्या, हे वर्गात जन्मभर सांगितलेलं.

"मलाही न्या," सर म्हणाले.

"छे, छे! तुम्ही विद्वान माणूस. कोश पुरा करा." साहेबानं खण नीट लावून दिला. जाताना फोनची तार कापली आणि दारात दोन शिपाई बसवले. निरोप धाडायचा तरी कसा? सर येरझाऱ्या घालत राहिले. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती खाली बसली ती दिवसभर उठली नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. पळून जाताना गोळी लागली म्हणे.

बायकोनं त्या दोनदा वाचल्या.

"काय होता शब्द?"

"भांड्याच्या बुडाला करपून चिकटतं ना, त्याला..."

"करपलेल्या बुडासाठी माझा भाऊ दिलात?" तिचा आवाज चढला नाही. "मग सांगा तरी. त्याच्या तोंडचा शेवटचा शब्द आहे तो. मला हवाय."

सरांनी तोंड उघडलं. डोळे मिटले, कपाळ चोळलं, पुन्हा तोंड उघडलं.

शब्द आठवेना. तो फक्त त्या चिठ्ठीवर होता.