पन्हळीवर बसलेला कावळा

मी एक पन्हळ बोलतेय. वर बघा. आणखी थोडं वर, छपराच्या कडेला. घरात शिरताना माणसं दाराकडे बघतात, कुलपाकडे बघतात, चपला कुठे काढायच्या ते बघतात. माझ्याकडे बघतात ती फक्त पाणी डोक्यावर पडल्यावर. म्हणून आज स्वतःच तोंड उघडलं. तसं ते कायमच उघडं असतं म्हणा.

माझा जन्म रायपूरचा, सदर बाजाराच्या मागच्या एका गल्लीतला. रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झालं होतं. भोपाळहून साहेबलोक येऊ लागले होते आणि ज्याच्याकडे एक खोली जास्तीची होती तो तिला रंग देऊन भाडेकरूची वाट बघत होता. टिनवाल्याला जेवायला फुरसत नव्हती. अशा गर्दीत रेल्वेतून रिटायर झालेले नीलकंठराव दुकानासमोर स्टूल टाकून बसले आणि त्यांनी मला डोळ्यांदेखत घडवून घेतलं. "जोड पक्का मारना भैया, एक बूंद नहीं टपकना चाहिए," असं ते इतक्यांदा म्हणाले की टिनवाल्याने शेवटी हातोडीच त्यांच्यापुढे धरली.

चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या व्हरांड्याच्या पत्र्याला मला बसवलं. बाजूला कडुनिंब. देखणा, दिलदार आणि भयंकर पसारा करणारा शेजारी! आधी पानं, मग फुलं, मग काड्या, मग निंबोळ्या, सगळं माझ्या पदरात. राज्याच्या वाढदिवसाला कॉलोनीतली पोरं रॉकेट सोडायची, त्यांच्या जळक्या काड्याही मुक्कामाला माझ्याकडेच.

पण मला काळजी नव्हती. मृग लागायच्या आत नीलकंठराव शिडी लावून वर यायचे. हाताने सगळा गाळ काढायचे, पिवळ्या फडक्याने मला पुसायचे आणि वरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतून ओरडायचे, "आलं का?"

खाली पाइपाच्या तोंडाशी त्यांच्या बायको, गोदूबाई, हात धरून उभ्या असायच्या. पाणी तळहातावर पडलं की त्या ओरडायच्या, "आलं जी, आलं! उतरा आता, चहा थंडा होऊन राहिला."

दर वर्षी हेच. मला वाटतं, पाणी येतं की नाही हे दोघांनाही न विचारता कळलं असतं. पण तो ओरडा झाल्याशिवाय त्या घरात पावसाळा सुरू झाला असं कोणी मानत नसे.

मग शेजारचे गंगाधरकाका एकदा शिडी घेऊन गेले. "दोन दिवसांत आणून देतो, निळू," म्हणाले. माणूस मनाचा मोठा, पण उसनी वस्तू त्यांच्या घरी घरजावयासारखी. एकदा आली की तिथेच नांदायची. त्याच वर्षी वैशाखात नीलकंठराव मुलाला, निरंजनला म्हणाले, "शिडी आण रे, पन्हळ साफ करू." निरंजन नव्या रायपुरातल्या ऑफिसात नोकरीला. "संडे को पक्का, बाबा," तो म्हणाला. तो रविवार यायच्या आतच नीलकंठराव गेले. काही न बोलता, झोपेतच.

त्यानंतरचे दोन पावसाळे मी तुंबलेल्या पोटाने काढले. माझ्यात पिंपळाचं रोप उगवलं. पाणी पाइपात न जाता काठावरून थेट गोदूबाईंच्या खुर्चीवर पडायचं. त्यांनी खुर्ची सरकवली आणि खाली बादली ठेवली. माणसांचा हा स्वभाव मला फार गमतीचा वाटतो. वर बघण्यापेक्षा खाली बादली ठेवणं त्यांना सोपं जातं.

वर्षश्राद्ध झालं आणि पुढचा पितृपक्ष आला. नीलकंठरावांची तिथी होती. सून पूर्णिमाने सकाळपासून खपून खीर, कढी, वडे केले. कावळ्याचं पान माझ्या अगदी खालीच, कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. कावळा आलाही. पण पानाकडे न जाता माझ्या काठावर येऊन बसला आणि मान वाकडी करून सगळ्यांकडे बघत राहिला.

"काहून शिवून नाही राहिला?" गोदूबाईंचा चेहरा उतरला. "काहीतरी राहून गेलं त्यांचं. मले सांगाचं होतं अन् सांगता नाही आलं."

"आई, आप बैठो तो, येईल तो," निरंजन म्हणाला.

"तो शिवल्याबिगर मी पाण्याचा घोट बी घेणार नाही."

मग सुरू झाली वचनं. गोदूबाईंनी हात जोडले, "तुमचा रेडिओ कोणाले देणार नाही जी." कावळा ढिम्म. पूर्णिमा म्हणाली, "बाबा, कढीत साखर घालणार नाही आता कधी." कावळ्याने चोच पुसली. निरंजनने घराला रंग द्यायचं कबूल केलं, मग गच्चीची दुरुस्ती, मग सकाळी लवकर उठणंसुद्धा. त्या शेवटच्या वचनावर तर खुद्द त्याच्या बायकोचाही विश्वास बसला नाही, कावळ्याचा काय बसणार?

जेवायला बोलावलेले गंगाधरकाका भुकेने कासावीस झाले होते. ते एकदम दोन्ही हात वर करून ओरडले, "निळू, तुझी शिडी आणून देतो बाप्पा! आत्ता देतो!"

कावळा दचकून दोन पावलं सरकला.

"हलला!" गोदूबाई ओरडल्या. "शिडी म्हटल्यावर हलला!"

निरंजनने पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे बघितलं, पिंपळाकडे बघितलं. मग तो आईकडे वळला. "आई, बाबांनी मले म्हटलं होतं, पन्हळ साफ करायले. मी संडे म्हटलं."

"मंग उभा काय आहेस पोट्ट्या? चढ!"

शिडी आली. धोतराचा सोगा कमरेला खोचून निरंजन डगमगत वर चढला. पिंपळ उपटला, शटलकॉक निघालं, रॉकेटच्या काड्या निघाल्या आणि पानांचा काळा लगदा ओंजळी ओंजळीने खाली गेला. इथे मी तुम्हाला एक खरं सांगते. त्या लगद्यात कावळ्याने कालचा एक समोसा दडवून ठेवला होता. तो राखतच स्वारी बसली होती. समोसा लगद्याबरोबर बादलीत गेला तेव्हा त्याने केलेली आरडाओरड ऐकण्यासारखी होती. मी मात्र इतक्या दिवसांनी मोकळी झाले होते. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

निरंजनने तांब्या मागितला, वरच्या टोकाला पाणी ओतलं आणि ओरडला, "आलं का?"

खाली पाइपाशी गोदूबाई कधी जाऊन उभ्या राहिल्या कोणाला कळलंच नाही. पाणी माझ्या अंगावरून खळखळत त्यांच्या तळहातावर पडलं.

"आलं जी, आलं!" त्या ओरडल्या. "उतरा आता, चहा थंडा होऊन राहिला."

आणि त्या थबकल्या. चहा कोणी केलाच नव्हता. शिडीवर निरंजन तसाच उभा राहिला, तांब्या छातीशी धरून. मग गोदूबाईंनी जीभ चावली आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. तेवढ्यात कावळ्याने भिंतीवर उतरून वडा उचलला. पण त्या तिकडे बघतच नव्हत्या. ओला तळहात तसाच धरून वर माझ्याकडे बघत होत्या.

समोशाचं मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आता माझं वय झालंय. जोडाशी गंज धरलाय, पण पाणी अजून अडत नाही. शिडी परत गंगाधरकाकांकडेच असते, मात्र मृगाच्या आधी ते स्वतः ती घेऊन येतात आणि गोदूबाई आधीच चहा टाकून ठेवतात. माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. पाऊस यायच्या आत एकदा तुमच्या पन्हळीकडे बघा. आणि घरातलं कोणी वर चढलं असेल, तर पाइपाच्या तोंडाशी हात धरून तुम्ही उभे राहा. वरून विचारतील, तेव्हा उत्तर द्यायला खाली कोणीतरी पाहिजे.