पुठ्ठीचं दुखणं

आमच्या बाबांचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा आपला; पुढच्या दोन खोल्यांत काम, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडली म्हणून कुत्रीचं नाव पुठ्ठी. मी दहा वर्षांची असताना तिला कागदाच्या कातरणांच्या ढिगात चार पिल्लं झाली.

पिल्लं महिन्याची झाली आणि पुठ्ठी ओकायला लागली. खाल्लं की थोड्या वेळाने, पिल्लांच्या पुढ्यातच.

"खळ चाटली असणार," बाबा म्हणाले. चिकटवायची पिठाची खळ कारखान्यात उघड्या पातेल्यात असायची.

"पोट बिघडलंय. जेवण तोडा तिचं," आत्या म्हणाली. घरात आत्याचा शब्द शेवटचा. पुठ्ठीला मिळू लागला पाण्यात भिजवलेला अर्धा पाव.

तोही ती ओकायची. चार दिवसांत तिच्या बरगड्या दिसू लागल्या. पाचव्या दिवशी ती शिवून ठेवलेल्या वह्यांवरच ओकली आणि बाबांचं डोकं फिरलं.

"शनिवारपर्यंत बरी झाली तर ठीक. नाहीतर ती आणि तिचं खटलं, सगळं बाहेर!"

बाबा बोलले की करायचे. शुक्रवारी शाळेतून मी थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांची जुनी मासिकं आमच्याकडे बांधायला पडली होती.

"तुमचं काम झालंय, बाबांनी आत्ताच बोलावलंय," मी ठोकून दिलं.

डॉक्टर आले. बाबा ओशाळले. "अहो, अजून सुरुवातसुद्धा नाही केली! कोण म्हणालं?"

मी पुठ्ठीमागे दडले. तेवढ्यात पुठ्ठी ओकली, आणि चारही पिल्लं धावत येऊन त्यावर तुटून पडली.

"शी! हाकला त्यांना!" आत्या किंचाळली.

"हात लावू नका!" डॉक्टर उकिडवे बसून हसायला लागले. "काही झालेलं नाही हिला. पिल्लांना दात आलेत, नुसत्या दुधावर भागत नाही. तुम्ही त्यांना काय देता?"

"त्यांना कशाला द्यायचं? आई आहे की!" आत्या म्हणाली.

"म्हणून तर आई स्वतःच्या पोटातलं मऊ करून देतेय. अंगावर पाजणारीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं, आणि तुम्ही अर्ध्या पावावर ठेवलीत? पिल्लांना भिजवून, कुस्करून द्या. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. "तू बाळंतीण होतीस तेव्हा तिघांचं एकटी जेवायचीस. आणि हिला अर्धा पाव!"

"खळ चाटली म्हणणारे तुम्हीच ना, दादा?" आत्या फणकारली, पण लगेच आत जाऊन तिने मांस शिजत घातलं आणि पिल्लांसाठी ते काट्याने कुस्करायला बसली.

शनिवार उजाडला तेव्हा पुठ्ठी ताटली चाटूनपुसून पसरली होती. तिला बाहेर काढायचं सोडून बाबा पिल्लांसाठी पुठ्ठ्याचं ताट चिकटवत बसले होते. कडा दुमडलेलं, सुबक. पिल्लांनी आधी त्यातलं खाल्लं आणि मग ताट खाल्लं.

"खळ पाहा कशी चवीने खातायत," आत्या म्हणाली. बाबा तोंड फिरवून हसले.

पुढे पुठ्ठी म्हातारी झाली, तिचे दात गेले. तेव्हा आत्या पुन्हा काटा घेऊन बसायची. मांस कुस्करून त्यावर कोमट पाणी घालायची, आणि चौदा वर्षांच्या त्या आजीबाईला हाक मारायची, "चला बाळंतीणबाई, जेवून घ्या!"