एक्केचाळीस नंबर

डहाणूत बसून छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवायला लागून रुचिताला दोन वर्षं झाली होती. वडील रेल्वेत, घर क्वार्टर्समध्ये, आणि काम पुढच्या खोलीतल्या टेबलावर. २०१८ च्या जानेवारीत जवळच्या वाढवण गावचे वासुदेवकाका तिच्याकडे आले. काका डायमेकर. डाय म्हणजे पोलादाचा ठसा. त्यावर सोन्याचा पत्रा दाबला की दागिन्याची नक्षी उमटते. गिऱ्हाईक आजवर दलालामार्फत यायचं. ते थेट यावं म्हणून त्यांना साइट हवी होती.

काकांनी घराण्याचा इतिहास दोन पानं भरून लिहून आणला होता. रुचिताने तो चार ओळींवर आणला. सोनाराला नक्षी दिसली पाहिजे, तीही मोबाइलवर आणि पटकन, हे तिने त्यांना पटवून दिलं. काकांचा फोन नंबर सगळ्यात वर, मग डायचे चाळीस फोटो, प्रत्येकाखाली आकडा, आणि तळाला चौकशीचा फॉर्म. काकांना मेलची सवय नव्हती, म्हणून फॉर्म भरला की मेल रुचिताकडे येणार आणि ती त्यांना सांगणार, असं ठरलं.

फोटो तिने स्वतः काढले, काकांच्या कारखान्यात, खिडकीच्या उजेडात. कारखाना म्हणजे घरामागची एक खोली. आत दोन बैठी मेजं. एकावर काका डोळ्याला भिंग लावून बसायचे. दुसऱ्यावर चादर टाकलेली होती. काकांची बायको, सरलाकाकू, चहा आणायच्या, पण उंबरा ओलांडून आत येत नसत. कप दारातच ठेवून जायच्या.

साइट सुरू झाली आणि आठवड्याने कोल्हापूरहून पहिली चौकशी आली. ‘४१ नंबरचा दर कळवा.’ आकडा चुकला असेल, असं रुचिताला वाटलं. चाळीसच डाय आहेत, असं तिने नम्रपणे कळवलं. दोन दिवसांनी राजकोटच्या व्यापाऱ्याने लिहिलं की एक्केचाळीस नंबरचं कानातलं फार आवडलं. आठ पाकळ्यांचं फूल आहे, पैकी पाचच कोरलेल्या दिसतात, बाकीच्या कधी होणार? तिने साइट स्वतःच्या फोनवर पाहिली, वडिलांच्या फोनवर पाहिली, स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर पाहिली. फोटो चाळीसच होते. चाळिसाव्यानंतर थेट फॉर्म.

मग हुबळीहून मेल आली. त्या माणसाचा कोल्हापूर-राजकोटशी काही संबंध असणं शक्य नव्हतं. त्यालाही तेच फूल हवं होतं. त्याच्या लेखी सहा पाकळ्या झाल्या होत्या.

बाहेर दुपारचं ऊन होतं, वडील शेजारी पेपर वाचत होते, तरी रुचिताने उठून खोलीतला दिवा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती रिक्षाने वाढवणला गेली.

काकांनी तिन्ही मेल वाचून घेतल्या. कुणीतरी चेष्टा करतंय का, असं तिने विचारलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. राजकोटचाच व्यापारी होता. काकांनी स्पीकर लावला. तो गुजरातीत बोलत होता, आणि सीमेजवळच्या माणसांना ती भाषा परकी नसते; रुचिताला शब्द न् शब्द कळला. आज सातवी पाकळीही झालेली दिसली, असं तो खुशीत म्हणाला. ‘तुमचा कारागीर रोज थोडं थोडं करतो ना? फोटो बदलत असतो, म्हणून विचारलं.’

काकांनी फोन बंद केला.

"नीलमचं आहे ते," ते म्हणाले.

नीलम त्यांची मुलगी. मुलींना हे काम कुणी शिकवत नाही, पण ती हट्टाने शिकली होती, आणि दुसरं मेज तिचं होतं. तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि ती चार दिवसांत गेली. कानातल्याची एक डाय तिच्या हातून अर्धी राहिली. पाच पाकळ्या झालेल्या, तीन बाकी. काकांनी ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, आणि तेव्हापासून डबा उघडला नव्हता. रुचिताने तर ती पाहिलीही नव्हती.

काकांनी फळीवरचा डबा खाली घेतला. झाकण गंजून बसलं होतं. पाना लावून उचकटावं लागलं. आत फडकं. फडक्यात डाय. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि नखाने एकेक पाकळी मोजली. मग भिंग रुचिताच्या हातात दिलं.

सात होत्या. पहिल्या पाच काळवंडलेल्या, पुढच्या दोन लखलखीत. फडक्याच्या घडीत पोलादाचा बारीक कीस होता, केसासारखा, वळलेला. खाऱ्या हवेत पोलाद आठवड्यात तांबूस होतं. हा कीस चांदीसारखा पांढरा होता.

"तुम्ही नाही ना केलं?" रुचिताने विचारलं.

"माझा हात असा नाही. ती पाकळीचं टोक डावीकडे वळवायची. किती सांगितलं तरी ऐकायची नाही."

सरलाकाकू दारात उभ्या होत्या. कधीपासून, ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्या आत आल्या. नवऱ्याच्या हातातून डाय घेतली, दुसऱ्या मेजावरची चादर काढली आणि डाय मधोमध ठेवली. शेजारी छिन्नी ठेवली, हातोडी ठेवली, भिंग ठेवलं. "डब्यात अंधारात कशाला करायला लावायचं पोरीला?" एवढंच म्हणाल्या.

चार दिवसांनी काकांनी फोन करून रुचिताला फोटो काढायला बोलावलं. आठवी पाकळी झाली होती. तिने फोटो काढले, पण डायला हात लावला नाही; सरलाकाकूंनीच ती उजेडात फिरवून धरली. साइटवर एक्केचाळीस नंबर लागला, आणि काकांच्या सांगण्यावरून त्याखाली नीलमचं नाव. त्यानंतर त्या डायची चौकशी एकदाही आली नाही. बाकीच्यांच्या चौकशा येत राहिल्या, त्यातून दोन नवे व्यापारीही जोडले गेले. काका खूश होते.

मार्चमध्ये ती काही फोटो बदलायला पुन्हा वाढवणला गेली. एक्केचाळीस नंबर आता बाकीच्यांबरोबर फळीवर होता. दुसऱ्या मेजावर पोलादाचा नवा ठोकळा ठेवलेला होता, घासून गुळगुळीत केलेला, अजून कोरा. तो सरलाकाकूंनी ठेवला होता. आता त्या तिथेच, मेजाशेजारी, पाट घेऊन तांदूळ निवडत बसत. काका मान खाली घालून आपलं काम करत होते आणि त्या बाजूला बघत नव्हते.

त्या दुपारी रुचिताने काकांच्या फोनवर मेल सुरू करून दिली, दोनदा उघडून दाखवली, आणि फॉर्मला जोडलेला आपला मेलचा पत्ता काढून त्यांचा घातला.

"आता चौकशी थेट तुमच्याकडेच येईल, काका," ती म्हणाली. "कुठल्याही नंबरची आली तरी मला कळवायची गरज नाही."