इब्राहीमला बाहेर का घेतलं

सामना कुणी जिंकावा, हेच मला त्या दिवशी कळत नव्हतं. छावणीच्या मैदानावर लेकीला, आवडीला, मांडीवर घेऊन बसले होते. भोवती चितेगावची माणसं घसा फोडत होती, आणि मी चेंडू सोडून कडूबाकडं बघत होते. कडूबा म्हणजे माझा नवरा, चितेगाव इलेव्हनचा फुटबॉल कोच.

हा संघ कंपन्यांत काम करणाऱ्या पोरांचा. शिफ्ट सुटली की सराव. राज्याच्या लीगमधला अगदी खालचा गट, पण त्या दिवशी जिंकले असते तर पहिल्यांदाच वर गेले असते. समोर पुण्याचा क्लब होता. त्यांना बरोबरीही पुरत होती. आणि त्याच क्लबच्या मॅनेजरनं, नानासाहेबांनी, आठवड्यापूर्वी कडूबाला फोनवर विचारलं होतं, पुढच्या हंगामापासून आमच्याकडं येता का. दोन वर्षांचा करार, राहायला घर. मात्र त्यांचा संघ वर गेला तरच, नाही तर मालक संघच बंद करणार होते. कडूबा 'बघू' म्हणाला. चितेगावच्या एकाही पोराला हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तेच वाईट होतं.

कडूबा वेरूळकडचा. शाळेत असताना क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीत निवडला गेला आणि पुढं मुंबई, गोवा, कोलकाता खेळत राहिला. गोव्यात त्याचं नाव कुणाला नीट घेता येईना, म्हणून जर्सीवर के.डी. आलं. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळं सासूबाईंसमोर 'अहो' आणि एरवी एकेरी. लग्नानंतर दर मे महिन्यात करार संपायचा, आणि जूनमध्ये कुठल्या गावात असू ते मे सरता सरता कळायचं. गुडघा गेला तेव्हा औरंगपुऱ्यात माझ्या माहेरी आलो, दोन खोल्यांतल्या एकीत. आवडी आता चार वर्षांची आहे. नानासाहेबांनी पुण्याच्या घराचे फोटो पाठवले होते. गॅलरीला जाळी होती. मी आधी जाळीच बघितली.

उत्तरार्ध बराच झाला तरी गोल नव्हता. कॉर्नर आला. इब्राहीम, आमचा गोल करणारा पोरगा, उंच उडाला, आणि त्याचं डोकं पुण्याच्या बचावपटूच्या डोक्यावर आदळलं. तो आवाज आमच्यापर्यंत आला. आवडीनं कान झाकले. इब्राहीम पडला, पण लगेच उठला, हात हलवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खेळ थांबलेला होता. कडूबा लंगडत आत गेला, त्याच्यासमोर उभा राहिला, हनुवटी धरून डोळ्यांत बघितलं, काहीतरी विचारलं. इब्राहीमनं उत्तर दिलं, मग हसला. कडूबानं मागं वळून बदली खेळाडूला खूण केली.

आधी कुणाला खरंच वाटलं नाही. इब्राहीम दोन्ही हात पसरून विचारत राहिला. कडूबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चालवत बाहेर आणलं, बाकावर बसवलं. माझ्यामागं एक जण ओरडला, "के.डी. सर, पुण्याची बस कितीला हाय?" लोक हसले. त्याला काहीच माहीत नव्हतं, पुण्याचा संघ म्हणून तो बोलला. पण मला मागं वळून बघवेना.

कोलकात्यात कडूबाच्या डोक्याला असाच मार लागला होता. तेव्हा त्याला कुणी बाहेर काढलं नाही. तो पुढं अर्धा तास खेळला, वरच्या लीगमधला त्याचा एकुलता एक गोल त्या अर्ध्या तासातला. लोक अजून त्या गोलाचं कौतुक करतात आणि तो मान डोलावतो. त्याला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. हे मी जाणून होते. मग इब्राहीमला बाहेर घेताना तो मारच त्याच्या मनात होता, एवढं साधं मानायला माझी काय हरकत होती? पण मला ती जाळीही दिसत होती, आणि त्यालाही दिसली असेल असं वाटत होतं.

शेवटी शेवटी डावीकडून एक चेंडू गोलसमोरून सरळ आडवा गेला. इब्राहीम नेहमी उभा राहतो त्याच जागेवरून. तिथं कुणी नव्हतं. शून्य-शून्य. पुणेकर नाचायला लागले.

घरी आलो तर नानासाहेबांचा फोन. कडूबा आवडीला भरवत होता, म्हणून स्पीकर लावला. नानासाहेब खुशीत होते. "सर, मानलं तुम्हाला. शब्द पाळलात."

"शब्द कसला? मी काय शब्द दिला नव्हता."

ते हसले. फोनवर नकोच बोलायला, म्हणाले, एक तारखेला सामान घेऊन या.

कडूबाच्या हातातला घास तसाच राहिला. मी विचारलं, का घेतलंस रे त्याला बाहेर? तो म्हणाला, त्याचे डोळे बरोबर नव्हते. स्कोअर विचारला तर बरोबर सांगितला, पण डोळे बरोबर नव्हते. मग घास परत ताटात ठेवला आणि म्हणाला, "पण ते घर बी दिसलं त्याच टायमाला. दोन्ही एकदम. आधी काय दिसलं ते मला नाय सांगता येत."

मला राग आला. खोटं तरी बोलायचं होतं, मी मानलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं इब्राहीमच्या घरी गेलो. दार त्याच्या आईनं, नजमुन्निसा चाचींनी उघडलं. बसा म्हणाल्या, आवडीला बिस्किट दिलं, पण कडूबाशी बोलल्या नाहीत. इब्राहीम पलंगावर बसून चहा पीत होता. ना चक्कर, ना उलटी. सकाळी कामावरही निघाला होता, आईनं जाऊ दिलं नाही.

"सर, मी ठीक होतो," तो म्हणाला.

"असशील."

"लोक म्हणतात, तुम्हाला पुण्याला नोकरी लागली." हे कुठून पसरलं कोण जाणे. "खरं हाय?"

"बोलावलंय. व्हय."

"मग जाणार?"

कडूबा म्हणाला, अजून ठरलं नाही. ते खरंच होतं, पण इब्राहीमनं उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली आणि कप खाली ठेवला. चाचींनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. पण लेकराच्या आईनं लेकराच्या आईकडं बघावं तसं त्या बघत होत्या.

"नाही जाणार," मी म्हणाले.

माझ्याच तोंडून आलं. कडूबानं असं बघितलं, जणू शिट्टी कुठून वाजली ते त्याला कळलं नव्हतं. मग इब्राहीमला म्हणाला, आधी डॉक्टरला दाखव, ते बरं म्हणाले तरच सरावाला ये. इब्राहीमनं भिंतीकडं तोंड केलं. चाची मात्र आत गेल्या आणि आमच्यासाठी चहा टाकला.

बाहेर गल्लीत येऊन कडूबानं मला विचारलं, तू का बोललीस? मी आवडीच्या तोंडावरचा बिस्किटाचा चुरा पुसला. गेलो असतो तर त्याला स्वतःलाही आपण विकलो गेलो असंच वाटत राहिलं असतं, असं काहीतरी डोक्यात होतं. आणि त्याच वेळी, आवडीचं घर मी आत्ताच घालवलं, हेही. त्यानं स्कूटरला टेकून नानासाहेबांना फोन लावला. जमणार नाही म्हणाला. त्यांचा आवाज फोनबाहेर येत होता.

"अहो सर, एवढं ताणू नका," नानासाहेब म्हणाले. "बरं, दोनाच्या ऐवजी तीन वर्षं लिहून देतो. झालं?"

कडूबा माझ्याकडं बघायला लागला. आवडी बिस्किट खात होती. नानासाहेब तिकडून हॅलो, हॅलो करत होते. आणि कडूबाला हसू फुटलं, आवरेचना, सामन्यानंतर पहिल्यांदाच. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार, त्यांची मिसेस बोलते," मी म्हणाले. "ते भाव करत नाहीयेत. त्यांना यायचंच नाही."

मी फोन बंद करून कडूबाच्या खिशात टाकला. कडूबानं आवडीला स्कूटरवर पुढं उभं केलं. मी मागं बसले, आणि पूर्ण रस्ताभर आपण रडतोय की हसतोय ते मला कळलं नाही.