सुरात रडणारी

अकुआबाताचा गळा रडतानाही सुरातच राहायचा, आणि त्यापायी तिच्या नवऱ्याचं दफन अडून बसलं.

झालं ते असं. ओर्लूकडच्या त्यांच्या गावात नवरा गेला की विधवेनं चार सकाळी, कोंबडा आरवला की उंबऱ्याशी बसून मोठ्यानं आक्रोश करायचा. सबंध आळीला ऐकू गेला पाहिजे. तो पारखायला बसतात घरच्या लेकी, म्हणजे मेलेल्याच्या बहिणी आणि चुलतबहिणी, सासरहून खास आलेल्या. त्यांनी मान डोलावल्याशिवाय खड्ड्यात माती पडत नाही. भलेभले लाल टोपीवाले मानकरी या बायांपुढे मूग गिळून बसतात.

पहिल्या सकाळी डोकं भादरलेली अकुआबाता काळं कापड गुंडाळून बसली आणि तिनं हंबरडा फोडला. आणि काय सांगायचं, तो निघाला सुंदर. "ओन्वुबिको, मला कुणाच्या पदरात टाकून गेलास" हे शब्द असे काही वर चढले आणि असे अलगद उतरले, की वाटेवर पाण्याला निघालेल्या बायका हंडे घेऊन तिथेच थबकल्या.

थोरली नणंद अडाकू ताडकन उठली. "हे रडणं म्हणायचं की गाणं? अगं, तिकीट तरी लाव! आम्ही टाळ्या वाजवायच्या का?"

"वन्सं, मला असंच येतं हो," अकुआबाता म्हणाली.

"असंच येतं म्हणे! माझा भाऊ गेलाय, मेले. बायकोसारखी रड. गाणारणीसारखी नको."

दुसऱ्या सकाळीही तेच झालं. तिनं सूर मोडायचा प्रयत्न केला, पण गळा आपसूक जागेवर येऊन बसायचा. लेकींनी तोंडं फिरवली. एकीनं तर उघडच म्हटलं, हिचं खरं प्रेम नवऱ्यावर नव्हतंच, त्याच्या बँडवर होतं. या बोलण्यानं अकुआबाताला भडभडून आलं, आणि ते भडभडणंही सुरात आलं. आता काय करावं या बाईनं!

तिचा तरी काय दोष? नऊ वर्षांची असल्यापासून ती गात होती, आधी चर्चमध्ये, मग बायकांच्या नाचाच्या मेळ्यात. ओन्वुबिकोनं तिला एका लग्नात ऐकलं आणि गिटार खाली ठेवून सरळ तिच्या बापाकडे मागणीची ताडी घेऊन गेला. "सुनेनं चारचौघांत माइक धरायचा?" म्हणून तेव्हाही अडाकूनंच घर डोक्यावर घेतलं होतं. तरी अकुआबाता गायली. ओनिचाला तिच्या तबकड्या निघाल्या, एनुगूच्या रेडिओवर तिचं नाव यायला लागलं, बायका आपल्या पोरींना तिचं नाव ठेवायला लागल्या.

मधे युद्ध आलं. त्यात तिची दोन वर्षांची लेक भुकेनं गेली. सकाळी तिला रस्त्याकडेला पुरलं आणि दुपारी अकुआबाता छावणीत सैनिकांपुढे गायला उभी राहिली, कारण गाणाऱ्यांना तिथे सुका मासा मिळायचा आणि घरात अजून तीन तोंडं होती. त्या दिवशी जे रडायचं राहिलं ते गाण्यात गेलं. तेव्हापासून या बाईला दुसरी वाटच उरली नव्हती. हे ओन्वुबिकोला ठाऊक होतं. ते जाणणारा तो एकटाच होता, आणि तो आता शवागारात बर्फावर पडला होता.

तिसऱ्या दिवशीही लेकी हलल्या नाहीत. दुपारी बँडमधला ट्रम्पेटवाला ओसिता आला आणि दाराबाहेरूनच हळूच म्हणाला, "वहिनी, घसा जपा. वर्षभराचं सुतक फिटलं की आपल्याला पुन्हा उभं राहायचंय. तो गेला, आता बँड म्हणजे तुम्ही."

"आणि लेकी नाहीच म्हणाल्या तर? तो तसाच पडून राहू दे?"

ओसिता मान खाली घालून निघून गेला.

गळा कसा जपायचा ते अकुआबाताला पक्कं माहीत होतं. पोटातून श्वास घ्यायचा, घसा सैल सोडायचा, वरच्या सुराला जबरदस्ती करायची नाही. बावीस वर्षं तिनं ते पाळलं होतं. म्हणजेच गळा कसा फाडायचा हेही तिला माहीत होतं.

चौथ्या सकाळी ती बसली आणि घसा आवळून, श्वास कोंडून किंचाळली. पहिल्या किंकाळीत सूर होता. ती पुन्हा किंचाळली. मग नवऱ्याला हाक मारली, मग लेकीला, रस्त्याकडेच्या त्या खड्ड्याला. आत काहीतरी टरकन फाटल्यासारखं झालं तरी ती थांबली नाही. शेवटी नुसती घरघर उरली. ती थुंकली तर थुंकीत रक्त होतं.

अडाकू पुढे आली, तिच्याशेजारी भुईवर बसली आणि तिला पोटाशी धरलं. "आता रडलीस," ती म्हणाली. दुपारी ओन्वुबिकोला मूठमाती मिळाली.

वर्षानं काळी कापडं जाळली. बँडची माणसं आली, गिटारवाल्यानं सूर लावला, अकुआबातानं तोंड उघडलं. आला तो भांडं खरवडल्यासारखा आवाज. वर्षभर सगळ्यांना वाटत होतं, बसलाय, सुटेल. ओसिता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पुढच्या महिन्यात त्यांनी ओवेरीची एक तरुण पोरगी आणली.

मग एके दिवशी अडाकू आली. थकली होती, पाय सुजले होते. ती अकुआबाताबरोबर कडू पालेभाजी निवडायला बसली आणि पालेभाजीकडेच बघत बोलली.

"पहिल्या सकाळीच तू खरी रडली होतीस. मला कळलं होतं गं."

अकुआबाताचे हात थांबले. "मग?"

"सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. थोरली मी. एकदा बोलून बसले, मग मागे कशी फिरू?" तिचे डोळे भरून आले. "तसं कुणी माझ्यासाठी रडावं, असं वाटलं होतं मला तेव्हा. मी गेले की तसं रडशील?"

अकुआबाताला खूप राग आला. इतका, की हातातली पानं चुरगळली. पण समोर म्हातारी भुईवर बसून लहान पोरासारखी रडत होती, आणि तिला ओरडावं म्हटलं तर ओरडायलाही आवाज नव्हता.

"रडेन, वन्सं," ती त्या खरखरीत आवाजात म्हणाली. "तुम्ही शिकवलंत तसं."